माय स्वतःला आटवत होती

एम.एस्सी.ला असताना दिवाळीत नांदेडहून घरी आले, तर माय कोरडी भाकरी चावत बसलेली. कालवण नाही, जवळ पाण्याचा तांब्याही नाही.

"पानी काहून घेईना गं?"

"तहान न्हाई."

दिवसभर मेंढरांमागं उन्हात फिरलेल्या बाईला तहान नाही! मी तोंडाला येईल ते बोलले. एरवी माझ्या एका शब्दाला दहा सुनावणारी माय उठली आणि तिनं माझा हात धरला, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

मेंढरांच्या वाड्यामागं नेऊन तिनं पदर बाजूला केला. चोळी ओली होती. "दूध येऊन राहिलं," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली.

बाप जाऊन बरीच वर्षं झालेली. माय पंचेचाळिशीची, त्यात दोन-तीन पाळ्याही चुकलेल्या. माझ्या मोठ्या चुलतीला ओली चोळी दिसायचीच खोटी होती. ती हापशावर चार बायांत म्हणाली, "नवरा न्हाई अन् पान्हा फुटला, कमालच म्हनायची बाप्पा!" तेव्हापासून माय पाण्याला जायची ते सगळ्या बाया परतल्यावर.

मेंढरं राखणाऱ्या बाईला जे ठाऊक, ते तिनं केलं होतं. कोकरू दुधावरनं तोडलं की आम्ही मेंढीला आटवतो. हिरवा चारा बंद, पाणी बेतानं, कासेला हात लावायचा नाही. दूध आपोआप आटतं. मायनं स्वतःलाच आटवायला घेतलं होतं!

"मेंढी बराबर आटती," ती म्हणाली, "माझं तर वाढूनच राहिलं."

माझ्या डोळ्यांपुढं मात्र कॉलेजातले उंदीर आले. आमच्या सरांनी तो धडा नुकताच शिकवला होता. मेंदूच्या बुडाशी पिच्युटरी नावाची इवलीशी ग्रंथी असते. दूध आणायचा हुकूम तीच सोडते. डोपामिन तिला दाबून धरतं म्हणून उगाच दूध सुटत नाही. मादीचं हार्मोन तो दाब सैल करतं, आणि वय झालं की तो आणखी सैल पडतो. मग उंदरांच्या म्हाताऱ्या माद्यांची ती ग्रंथी सुजते, कधी तिची गाठ होते. सरांनी अशी एक मादी कापून दाखवली होती. ती गाठ आठवली. मायच्या डोक्यात गाठ असली तर? मी तिला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सेनगावहून जीप धरली आणि तिला हिंगोलीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली. "दिवस गेलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

"ते मला ठाऊक हाय," माय फणकारली. मला तेवढ्यातही हसू आलं.

"रोज कुठली गोळी घेता?"

"गोळ्या कुठल्या? पित्ताची तेवढी." तिनं कनवटीची पिशवी सोडून चुरगळलेलं पाकीट काढलं. बाईंनी ते उलटं करून वाचलं. पित्ताच्या औषधात उलटी थांबवायचं औषधही मिसळलेलं होतं, आणि ते नेमकं डोपामिनचाच हात धरून ठेवतं. मग ग्रंथी मोकळी सुटते, दूध येतं आणि पाळीही चुकते.

"दिवसातनं किती घेता?"

"जळजळलं की घेती. आधी एखादी लागायची. आता सारखंच जळतंय."

जळणारच की! पोटात ना धड अन्न, ना पाणी. दूध आटवायला माय उपाशी राहायची, उपासानं पित्त खवळायचं, पित्तावर गोळी, आणि गोळीनं परत दूध. मी कपाळावर हात मारून घेतला.

"गोळी बंद. पोटभर जेवा, पाणी प्या," बाई म्हणाल्या. "तरी थांबलं नाही तर डोक्याचा फोटो काढू." त्यांनी रक्त घेतलं. ते शेवटचं वाक्य मी सुट्टीभर उराशी धरून होते. रोज सकाळी मायच्या चोळीकडं बघायचे. ओल कमी होत गेली, मग गेलीच. पुढं पाळी आली, आणि पहिल्या तपासणीत वाढलेला तो दुधाचा हुकूमही दुसऱ्यांदा रक्त तपासल्यावर ठीक निघाला. सुटले बाई एकदाची! दवाखान्याबाहेर मी मोकळेपणी रडले. माय स्टँडवर तांब्याभर पाणी गटागटा प्याली.

"तू काहून रडती?"

तेव्हा तिला गाठीचं सांगितलं. ती म्हणाली, "मराची भीती नव्हती गं मला. तू काय समजशील, त्याचीच होती. तुला एकदाबी तसलं वाटलं न्हाई?"

"न्हाई गं माय. मला तर नुसते उंदीर दिसत होते."

"उंदीर!" म्हणत ती हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी माय भर गर्दीच्या वेळेला हापशावर गेली. घागर खाली ठेवली आणि चुलतीला म्हणाली, "जाऊबाई, तुमाला पित्ताचा लई त्रास ना? गोळी जपून घ्या बरं. पान्हा फुटतो."