जनकाबाईंच्या स्वयंपाकघरातला लाईट

धामणगाव बढ्यात प्रेमानंद इलेक्ट्रिशियन माझा शेजारी. या माणसाला बूड टेकवून बसणं ठाऊक नाही. जेवताना कान पंख्याच्या आवाजाकडे, लग्नात डोळे मांडवाच्या वायरींवर. वीस-पंचवीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, आता फोनवर चालणारे लाईट बसवतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला जनकाबाई एकट्या राहायच्या. मुलगा हर्षल पुण्याला, मुलगी राखी नागपूरला. दोघांनाही आईची काळजी, पण एकमेकांचं ऐकतील तर शपथ! हर्षलने स्वयंपाकघरात एका कंपनीचा लाईट लावायला लावला, राखीने न्हाणीत दुसऱ्याच कंपनीचा. दोन ॲप, आणि मधे प्रेमानंद. त्याने दोन्ही आपल्या फोनवर आणून एकत्र जोडले. जनकाबाई सवयीने भिंतीवरचं बटन बंद करायच्या आणि लाईट ॲपमधून गायब व्हायचा, म्हणून जुन्या बटनांवर चिकटपट्टी मारून त्यांना शेजारी नवं बटन दिलं. पहाटे पाचला त्या चहा ठेवायला उठल्या की तिघांचेही फोन वाजायचे. आई उठली, म्हणजे सगळं ठीक.

एक गोष्ट राहिली होती. लाईन जाऊन परत आली की असे लाईट आपोआप लागतात. राखीच्या ॲपमध्ये ते थांबवायची सोय समोरच होती, हर्षलच्या ॲपमध्ये शोधावी लागायची. 'उद्या पाहतो' म्हणत प्रेमानंदने तीन महिने काढले.

त्या दिवशी पहाटे चारपासून लाईन नव्हती. लाईन नसली की ॲप मुकं, हे सगळ्यांना माहीत होतं. सव्वासहाला लाईन आली आणि प्रेमानंदचा फोन वाजला. पाठोपाठ राखीचा मेसेज, 'उठली आई. जीव भांड्यात पडला.' आम्ही दोघं त्याच्या ओट्यावर चहा पीत होतो. त्याचा कप तोंडाशीच थांबला आणि तो उठून उभा राहिला.

त्याची बायको धम्मशीला म्हणाली, "काऊन उठले जी? चहा तं घ्या."

"लाईट लागला, पन लावला कोनं?"

चप्पल न घालताच तो पळाला, मागे मी. दार आतून बंद होतं. तो परसातल्या भिंतीवरून आत उतरला आणि त्याने मला दार उघडलं. जनकाबाई न्हाणीच्या उंबऱ्यात पडल्या होत्या, पाच वाजल्यापासून. खुबा मोडला होता. स्वयंपाकघरात लाईट लख्ख जळत होता.

"मावशी, आवाज तं द्याचा!"

"देल्ला ना रे. कोनी आलं नाई. मंग लाईट लागला. मले वाटलं, पोरायनं पाह्यलं, आता येते कोनी."

मी चार घरं पलीकडे राहतो. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मान वर करायची लाज वाटली.

बुलढाण्याला ऑपरेशन झालं आणि हर्षल त्यांना पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप आहे, पण फाटकावर नंतर लावलेल्या कॅमेऱ्यासाठी लाईन आणि वायफाय चालूच आहे. प्रेमानंदच्या फोनमध्ये ते दोन्ही ॲपही तसेच आहेत.

"काढून टाक ना बे," मी म्हटलं.

"हाव, काढतो उद्या."

परवा आम्ही ओट्यावरच बसलो होतो. लाईन आली, त्याचा फोन वाजला. कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात होती. तरी त्याने कप खाली ठेवला आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागला.