पप्पांनी कधीच न प्यालेली दारू

"हेच ते," मॅडम म्हणाल्या आणि माझ्या पप्पांकडे बोट केलं. "काका, उभे राहा ना. मुलींना बघू दे."

पप्पा दाराशी बायबलच्या खोक्यांजवळ बसले होते. ते उठले. वसतिगृहाच्या साठ-सत्तर मुली माना वळवून बघायला लागल्या. पप्पांचे हात थरथरत होते. चितेगावच्या एका कंपनीत वीस वर्षं ग्राइंडर धरला, तेव्हापासून ते थरथरतातच. भरलेली बशी त्यांना धरता येत नाही. पण हे त्या मुलींना कोण सांगणार? दोन मिनिटांपूर्वी मीच माईकवर सांगितलं होतं की माझा बाप दारुडा होता, आईला चपलेनं मारायचा, घरात चूल पेटायची नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी त्या हातांकडे बघून फिसकन हसली. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. मग दोघी हसल्या.

माझ्या पप्पांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

पणजोबा मांगवाड्यातून चर्चमध्ये आले, तेव्हापासून आमचं घर ख्रिस्ती. पप्पा रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचतात, पुस्तक दोन्ही हातांनी मेजावर दाबून धरून. पगाराच्या दिवशी कंपनीतले सोबती गुत्त्यावर जायचे, हे सायकल हाणत घरी यायचे. सोबती त्यांना 'फादर' म्हणून चिडवायचे. त्यांना ते आवडायचंसुद्धा.

पुण्याच्या एका मोठ्या चर्चची टीम आली होती, मॅडम तिच्या प्रमुख. मिशनच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांना बायबल वाटायची, त्यासाठी इथले स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिलं. पुस्तक वाटायची हौस होतीच. शिवाय नर्सिंगच्या प्रवेशाला मॅडमचं शिफारसपत्र लागणार होतं, हेही लपवत नाही. पप्पा म्हणाले, "म्या बी येतो. खोकी उचलाया कुणीतरी लागंलच की." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

वाटपाआधी साक्ष द्यायची असते. म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते चार लोकांत उभं राहून सांगायचं. मी माझी साक्ष आदल्या दिवशी कागदावर लिहून नेली होती. टायफॉइड झाला होता, मरणाला घाबरले होते, प्रार्थनेनं धीर आला, एवढंच. मॅडमनी वाचून कागद परत दिला.

"फारच साधं आहे गं. तुमच्या वस्तीत दारू असेलच ना? मुलींच्या मनाला भिडलं पाहिजे."

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. एकदाही नाही म्हटलं नाही. मी बोलेन तेव्हा पप्पा बाहेर टेम्पोतून खोकी उतरवत असतील, त्यांच्या कानावर काही पडणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

मॅडमची स्वतःची साक्ष मी त्या सकाळीच ऐकली. त्यांचे पणजोबा शास्त्री होते. त्यांनी जानवं सोडलं, मान सोडला, भाऊबंद सोडले. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढी ही माणसं! त्यांच्या साक्षीत त्यांनी काय काय सोडलं ते असतं. आमच्या साक्षीत आम्हाला कुठल्या घाणीतून उचललं ते. आणि घाण सापडली नाही तर ती आमच्याच हातानं लिहून घ्यायची. चर्चमध्ये जातपात नसते म्हणे.

वाटप सुरू झालं. पप्पाही पुस्तकं देत होते. मुली त्यांच्या हाताला हात लागू नये म्हणून पुस्तक टोकाला धरून ओढून घेत होत्या. मी ते पाहिलं. तरी मी माझ्या रांगेत हसून पुस्तकं देत राहिले.

दुपारी पैठण रोडनं दुसऱ्या वसतिगृहाकडे निघालो. टीम पुढं गाडीत, आम्ही दोघं मागं टेम्पोत, खोक्यांवर. पप्पांनी माझ्या थोबाडीत मारावी असं मला वाटत होतं. ते घसरणारं खोकं पायानं सरळ करत होते.

"तिथं बी उभं राहायचं का मला?"

मी खाली बघून खोक्याची दोरी आवळत बसले.

"राहतो. देवाचं काम हाय. फकस्त हात लपवू का दिसू देऊ, तेवढं मॅडमला इचार."

मला माझीच किळस आली. अजूनही येते.

दुसरं वसतिगृह मुलांचं होतं. माझं नाव पुकारल्यावर मी माईक घेतला आणि म्हणाले, "माझे पप्पा दारू पीत नाहीत. कधीच पीत नव्हते. सकाळी मी खोटं बोलले. मॅडमनी सांगितलं, मी लिहिलं आणि बोलले."

मॅडमनी हसत हसत माझ्या हातातून माईक काढून घेतला. "ताई जरा दमल्यात. आपण गाणं म्हणू या." पोरं टाळ्या वाजवून गायला लागली. मॅडमनी मला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं.

"तुम्हा लोकांना कितीही वर आणा, शेवटी तुम्ही तिथलेच. पत्राचं आता विसर."

पप्पा मागोमाग धावत आले. हात जोडले.

"म्या पीत होतो, मॅडम. लई पीत होतो. पोरगी ल्हान होती, तिला आठवत नसंल. तिचं पत्र तेवढं द्या."

"बघ," मॅडम मला म्हणाल्या. "बापाला तरी अक्कल आहे."

मी पप्पांचे जोडलेले हात धरले आणि सोडवायला लागले. ते सोडेनात. मी जोर लावला. त्यांना ओढत रस्त्यावर आणलं आणि हात करून एसटी थांबवली. घरी आल्यावर पप्पा आईला म्हणाले, "पोरीनं सोताच्या पायावर धोंडा पाडून घेतला."

पत्र आलं नाही. प्रवेश गेला. सध्या मी शहागंजमध्ये एका कापडाच्या दुकानात उभी असते. पप्पा म्हणतात, मॅडमला माफ कर, आपल्याला तेच शिकवलंय. मी माफ केलेलं नाही. करणार नाही. आणि त्यांना स्वतःच्या तोंडानं दारुडा व्हायला लावलं, ते माझं मलाही माफ नाही.

पुढच्या वर्षी टीम परत येणार आहे. मला बोलावणार नाहीत, मी न बोलावता जाणार. आमच्यातल्याच कुण्या पोरीकडून पुन्हा असला कागद लिहून घेतील. मी तिच्या शेजारी जाऊन बसणार, आणि ती बोलायला उठायच्या आत मी उठणार.