वरच्या भाईंची इंग्लंडातली हवेली

इंग्लंडातली एक जमीनदोस्त झालेली हवेली, तिचं अफाट आवार, दोन तळी, एक चर्च आणि सोळा घोड्यांचा तबेला एवढी मिळकत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सांभाळणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच आहे, आणि तो बिन महमूद वस्तीत बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. भाई मूळचे रत्नागिरीकडचे, रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये ड्राफ्ट्समन. इंग्लंडात त्यांनी आयुष्यात पाय ठेवलेला नाही; पण बोलायला लागले की वाटावं, माणूस आत्ताच तिथल्या हिरवळीवरून अनवाणी फिरून आलाय. एकदा आम्ही दोघं लिफ्टमध्ये अडकलो. बाहेर काढणाऱ्या नेपाळी माणसाला मी कडकडून मिठी मारली, कारण तोवर भाई हवेलीच्या पहिल्या मालकाच्या दुसऱ्या लग्नापर्यंत पोचले होते, आणि त्याची एकूण चार लग्नं होती.

हवेली त्यांच्या जुन्या साहेबांची. म्हणजे साहेबांची तरी कुठली! ते तिथल्या स्वयंपाकिणीचा मुलगा. पुढे वारस उरला नाही, हवेली पाडली. साहेब इंजिनियर होऊन कतारला आले, भाईंना हाताला धरून नकाशे शिकवले आणि निवृत्त होऊन परत गेले. आता ते थकलेत, विसरायला लागलेत. सगळं पुसलं जायच्या आत हवेली कागदावर उतरवायची, हा भाईंनी ध्यास घेतला. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि बिर्याणी आटोपली की व्हिडिओ कॉल. साहेबांच्या मुलीनं एका जुन्या नकाशाचा फोटो पाठवला होता, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. त्यावरून भाईंनी हवेली उभी केली आणि प्लांटमधल्या सवयीनं हिरवळीवर ‘आग लागल्यास येथे जमावे’ अशी पाटीही ठोकली.

“भाई, पाडलेल्या घराला आग कशी लागेल?”

“भाऊ, सेफ्टी म्हंजे सेफ्टी!”

अडलं ते उन्हाशी. साहेब म्हणत, सकाळी आईच्या कणीक मळायच्या मेजावर ऊन यायचं. नकाशात तर स्वयंपाकघर उत्तरेला. उत्तरेकडून ऊन येणार कसं? भाईंनी तीनदा अदबीनं हे सांगितलं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, “मग तेही माझ्या डोक्यातून गेलं असेल. ऊन नसेलच.”

त्या संध्याकाळी भाभी खाली आल्या. “सुरमई तळली तरी उठत नाय. बघा जरा.” सुरमईला न उठलेले भाई म्हणजे गंभीर प्रकरण. मी वर धावलो.

“म्हाताऱ्याच्या आईचं ऊन काढून घेतलं मी, भाऊ,” एवढंच बोलले.

आठवडाभर नकाशा तसाच जमिनीवर. एक दिवस नमाजाची चटई किब्ल्याच्या दिशेला वळवता वळवता भाई थबकले. मशिदीला दिशा असते, मग चर्चला नसेल? तडक समोरच्या ख्रिस्ती गोवेकर बाईंचं दार. त्या म्हणाल्या, “जुन्या चर्चात वेदी पूर्वेला. इतकी वर्षं शेजारी राहून एवढंही विचारलं नाहीत?” नकाशात वेदी कागदाच्या वरच्या बाजूला होती, स्वयंपाकघरासारखीच; म्हणजे वर उत्तर नव्हे, पूर्व! भाईंनी कपाळावर हात मारला, तो आवाज मला खालच्या मजल्यावर ऐकू आला, शपथेवर सांगतो. प्लांटच्या नकाशात कामाच्या सोयीसाठी कागदाची वरची बाजू हीच उत्तर धरतात, खरी उत्तर कुठेही असो. वीस वर्षं त्या उत्तरेवर नोकरी केलेल्या माणसानं तीच इंग्लंडला चिकटवली होती! खऱ्या दिशेचा बाण उंदरांच्या पोटात.

शुक्रवारची वाट कोण बघतो! भाईंनी तिथल्या तिथे कॉल लावला. “सर, मिस्टेक माझी. किचन पूर्वेलाच. ऊन होतं, सर!”

साहेब मेजावरचं पीठ, आईचे लाल झालेले हात, खिडकीतली मांजर, असं अर्धा तास सांगत राहिले. भाई लिहून घ्यायचंच विसरले.

हल्ली साहेब भाईंना ओळखत नाहीत. दर वेळी मुलगी नव्यानं ओळख करून देते. मी विचारलं, “वाईट नाही वाटत?”

भाई हसले. “माझं नाव काय, दर शुक्रवारी सांगता येतं. आईच्या मेजावरचं ऊन मात्र साहेब विसरले नाहीत; ते तेच मला सांगतात.”