रोगाचं पाणी

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत स्वच्छतेची चाड एकाच बाईला आहे, आणि नाकं मुरडली ती नेमकी तिलाच. शी!

ही बाई म्हणजे माझ्या शेजारच्या जानकीवहिनी. मूळच्या मालवणच्या. किडन्या निकामी झाल्यावर डायलिसिससाठी त्यांना खुर्चीत बसवून पायऱ्या उतरवाव्या लागत. एक दिवस सेंटरला, दुसरा अंथरुणात. पोळी-भाजी केंद्रातलं काम सुटलं. मग इस्पितळातल्या नर्सने घरीच करायचं डायलिसिस शिकवलं. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी बाहेर काढायचं. निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर धरायची. अक्षरं वाचता आली तर ठीक, पाणी गढूळ असलं तर पोटात जंतू. वहिनी पिशवीतून राशिभविष्य वाचतात आणि स्वतःच हसतात. त्या पुन्हा पोळ्या लाटायला जायला लागल्या होत्या.

ते पाणी चाळीच्या संडासात ओतायचं, एवढंच. त्यावरून कमिटीला शिसारी आली! गुटख्याने भिंती रंगवल्या, मागच्या गटारात खिडक्यांतून डायपर भिरकावले, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. आता मात्र सेक्रेटरी केतनने संडासाच्या दारावर सहीनिशी कागद डकवला: 'रोगाचे पाणी येथे टाकू नये.' म्हणजे वहिनींनी परत त्या खुर्चीत बसायचं. मला त्या कागदाचीच किळस आली.

सकाळी रांग होती. वहिनी भरलेली पिशवी घेऊन आल्या. केतन नाकाला रुमाल लावून आडवा आला.

"काकी, कमिटीचा निर्णय आहे. हायजीनचा प्रश्न आहे ना!" गाल गुटख्याने फुगलेला.

वहिनींनी पिशवी त्याच्या नोटिशीवर धरली.

"ह्यां माझ्या पोटातला पाणी. वाच बघूया, अक्षरां दिसतत मां?"

रांगेतल्या गंधालीनेच मोठ्याने वाचलं, "रोगाचे पाणी येथे टाकू नये." शब्द न् शब्द स्वच्छ. खाली आल्यावर मात्र ती अडली.

"सही कोणाची आहे गं? वाचता येत नाही."

वहिनींनी पिशवी बाजूला केली. तरी वाचता येईना. सहीवर लाल पिचकारी वाळली होती. केतनने रुमाल नाकावरून तोंडावर घेतला.

वहिनी आत गेल्या, पाणी ओतलं, वर बादलीभर पाणी टाकलं आणि बाहेर येऊन साबणाने हात धुतले. त्या रांगेत हात धुणाऱ्या त्या एकट्याच.