दिवेलागणीच्या आत

आमच्या शेजारचे भाऊजी उन्हाकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "चला, चला! दिवेलागणीच्या आत घरी पोचायचंय." तेही भर दुपारी! पाहुणे हसायचे. त्यांना वाटायचं, गाइड गमत्या आहे.

तुम्ही कधी रत्नागिरी बघायला आला असाल, तर मांडवीच्या जेटीवर त्यांना पाहिलंही असेल. डोक्यावर पांढरी टोपी, काखेत छत्री. कुठली गलबतं लागायची, काय माल उतरायचा, असं सांगत ते लोकांना पायी वर राजवाड्यापर्यंत न्यायचे. माझं सरबताचं दुकान त्यांच्या वाटेवर आणि घर त्यांच्या घराला लागून. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी.

"वहिनी, एकदा या ना फिरायला."

"अहो, जन्म गेला माझा इथे! मला काय दाखवणार डोंबल?"

शेवटी मी गेले एकदा. राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर आलो आणि भाऊजींचा आवाजच बदलला. "ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं. परत जाऊ दिलंच नाही. म्हणतात, तो इथून समुद्रावरची जहाजं बघत बसायचा."

"बिचारा!" एक बाई म्हणाल्या.

"हो ना. पण त्याला निदान पहारेकरी तरी होते."

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण मला त्यांचं घर ठाऊक होतं. थोरले दोघे भाऊ मुंबईला. आपल्याकडची रीतच आहे, एकाने मागे राहायचं. देवापुढे संध्याकाळी दिवा लागला पाहिजे, शिमग्याला पालखी आली तर दाराला कुलूप दिसता कामा नये. भाऊजी धाकटे, त्यात बिनलग्नाचे, मग काय! राजापूरला लग्नाला गेले तरी ताटावरून उठून एसटी पकडायचे. एक रात्र म्हणून बाहेर काढली नाही त्यांनी.

त्या दिवशी घोळक्यात सहली नेणारे पुण्याचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "आमच्याबरोबर चला. कोचीपासून सगळी बंदरं दाखवा आमच्या लोकांना." भाऊजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू! मग त्यांनी उन्हाकडे बघितलं.

"दिव्याचं काय?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी थोरल्या भावाला स्पीकरवर फोन लावला. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "घर बंद पाडायचंय काय तुला? लोक तोंडात शेण घालतील!" भाऊ खेकसला.

"नाही, नाही. आपलं सहज विचारलं," भाऊजी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. गडग्यावरून ओरडले, "मी लावीन दिवा! माझ्या हाताला काय काटे आलेत?"

"वहिनी, घरातल्याच माणसाने लावायचा असतो."

"मग देवाला विचारा की! भावाला काय विचारता?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, आजपासून ही बाय ह्या घरातली. तिच्या हातचा दिवा गोड मानून घे." व्हय महाराजा म्हणायला मी एकटीच होते.

"चार महिन्यांत येतो, वहिनी," म्हणाले आणि गेले.

चार महिन्यांचं वर्ष झालं, मग दुसरंही सरलं. शिमग्याला भाऊ आले, पालखी नाचवली, दार उघडं बघून खूश झाले आणि परत गेले. मला मेलं कुणी बस म्हणून म्हटलं नाही. माझी लेक कोल्हापूरला असते. "आई, ये ना चार दिवस राहायला," म्हणते. मी म्हणते, बघू.

परवा कोचीहून भाऊजींचा फोन आला. "वहिनी, एकदा याच इकडे. सगळं बंदर पायी फिरवतो तुम्हाला." आवाज कसा मोकळा लागला होता! बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू? बोलता बोलता माझी नजर बाहेर गेली. माडाच्या शेंड्यावर ऊन आलं होतं.

"येईन की," मी म्हटलं, "पण दिव्याचं काय?"

त्यांच्या मागे लाटांचा आवाज येत होता. मी काडेपेटी उचलली. फोन तसाच कानाशी धरून गडगा ओलांडला.