माइक बंद, ज्ञानरचनावाद चालू

आम्हा शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात त्या दिवशी विषय होता ज्ञानरचनावाद. लेकरू नुसतं ऐकून शिकत नाही, ते बोलून, चुकून, स्वतःच्या अनुभवातून शिकतं, असं आमचे तालुक्याचे साहेब दोन तास सांगत होते. आणि तेवढा वेळ आमचे सगळ्यांचे माइक त्यांनी बंद करून ठेवले होते. मी चॅटमध्ये लिहिलं, "सर, आम्ही कधी बोलायचं?" उत्तर आलं, "शेवटी वेळ उरला तर." वेळ काही उरला नाही.

माझं डोकंच फिरलं. शिरड शहापूरच्या माझ्या सातवीचा सुट्टीतला वर्गही ऑनलाइनच होता. ठरवलं, तिथं एकाही लेकराचा माइक बंद राहणार नाही.

शेकडेवारी शिकवायची होती. मी सूत्र सांगितलंच नाही. विचारलं, "घरची ओली हळद शिजवून वाळवली की किती उरते?" एकदम कालवा उठला. कुकरच्या शिट्ट्या, शेळ्या, मागून आयांचे आवाज. एक पोरगी ओरडली, "मॅडम, शंभर किलोची वीसच!" एक पोरगं तिच्यावर खेकसलं, "न्हाई, आमची तर सतराच भरली. काहून?" मग जी जुंपली, त्या भांडणात शेकडा आपोआप सगळ्यांच्या तोंडी आला.

तेवढ्यात वर्ग बघायला तेच साहेब जोडले गेले. "मॅडम, केवढा हा गोंगाट! आधी म्यूट करा."

"बराबर आहे, सर," मी म्हणाले आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

पोरं भांडतच होती. साहेबांचे मात्र नुसते ओठ हलत होते.