पाटावरची यादी

लोकप्रिय मालिका वेगळी आणि डोक्यात घर करून बसलेली मालिका वेगळी, हे मी गेली तीसेक वर्षं लोकांना समजावते आहे आणि लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. लोकप्रिय मालिका अख्खं घर बघतं आणि संपली की विसरतं. दुसऱ्या जातीची मालिका तेरा भागांत गुंडाळली जाते, तिचा सेट हलतो, नट वाक्यं विसरतात, आणि तरी पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं तिच्यापायी दोन दोन दिवस अबोला धरतात. ती दोन माणसं म्हणजे मी आणि माझा दादा. मी अमरावतीला शाळेत शिकवते, तो अकोल्याला असतो.

आमची यादी दर भाऊबीजेला नव्यानं होते. दादा पाटावर बसला, निरांजन लागलं, की आधी दहा मालिकांचे नंबर ठरवायचे आणि मगच मी ओवाळायचं. पहिल्या नंबरावर तोडगा निघेपर्यंत त्यानं उठायचं नाही. एका वर्षी वात दोनदा विझली आणि वहिनी वैतागून फराळाचं ताट आत घेऊन गेली. तरी आम्ही हटलो नाही.

माझा पहिला नंबर म्हणजे निवृत्त कंपाउंडर औषधांच्या वासावरून गुन्हे शोधतो ती. कथा कशी बांधीव, एक प्रसंग फुकट नाही. दादाचा जीव मात्र अंतराळयानाच्या एका मालिकेवर. त्या यानाचं दार म्हणजे उघड उघड लोखंडी कपाटाचं होतं, मूठसुद्धा काढलेली नव्हती. मी हसले की तो उसळायचा.

"तुले काय समजते वं? तुह्या कंपाउंडरले पहिल्याच भागात चोर समजते. मंग बाकीचे बारा भाग का बाटल्या धुते तो?"

शेवटी आम्ही दोघींना, म्हणजे दोन्ही मालिकांना, विभागून पहिला नंबर द्यायचो आणि दोघंही नाराज व्हायचो. असं वर्षानुवर्षं चाललं. मला त्याचा कंटाळा कधीच आला नाही.

यंदा पावसाळ्याच्या सुमारास दादाला पक्षाघात झाला. जीव वाचला, उजवा हात थोडा हलू लागला, पण बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "बरं". पाणी हवं का, बरं. दुखतं का, बरं. ज्या माणसानं जन्मात कुणाचं सरळ ऐकून घेतलं नाही, त्याच्या तोंडी नेमका हाच शब्द उरावा, याचा मला इतका संताप येतो की कुणावर काढावा ते कळत नाही.

मी दर शनिवारी शाळा सुटली की अकोल्याची एसटी धरायचे. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई घरी येत, त्यांनी सांगून ठेवलं होतं की पहिले काही महिने महत्त्वाचे, नंतर अवघड होत जातं. मी आरसा धरून त्याला ओठ हलवायला लावलं. जुनी शीर्षकगीतं म्हटली, बेसूर म्हटली. आईचं नाव विचारलं. बरं. महिने संपत आले तशी माझी झोप उडाली. एसटीत बसल्या बसल्या मी देवाशी घासाघीस करायचे, आणि मी काही देवभोळी बाई नाही.

मग त्या बाईच एकदा म्हणाल्या, की कधी कधी रागाच्या भरात अडलेला शब्द निघून जातो. मी लगेच मनाशी ठरवलं. याला राग कसा आणायचा हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

भाऊबीजेला त्याला पाटावर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून खुर्चीत बसवलं. वहिनी दाराशी उभी राहिली. "ताई, तुमीच भांडून पाहा," ती म्हणाली. "माह्याशी तं ते भांडूनच नाई राहिले."

मी घरून यादी लिहूनच नेली होती, मुद्दाम सगळी उलटी. दहाव्या नंबरावर त्याचं अंतराळयान. पहिल्या नंबरावर सासूसुनांची ती हजार भागांची मालिका, जी लागली की तो खोलीतून उठून जायचा. मी मोठ्यानं वाचली. शेवटी म्हटलं, "आणि तुझं यान शेवटून पहिलं. कपाट कुठलं!"

त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बरं," म्हणाला.

"दादा, सासूसुना पहिल्या. चालेल तुला?"

"बरं."

"नाही म्हण ना रे. एकदा नाही म्हण. शिवी दे." मी त्याचा खांदा धरून हलवत होते, वहिनीनं माझा हात सोडवला तेव्हा मला ते कळलं.

मग मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्याच बाजूनं भांडायला लागले. त्याच्या आवाजात, त्याच्या बोलीत. "कपाट दिसते तं दिसू दे! तो मानूस एकटा त्या डब्यात बसला आहे. रोज सकाळी खाली पृथ्वीले हाक मारते. तिकून कोनी बोलत नाई. तरी रोज मारते. याच्याहून चांगली मालिका दाखव मले!" हे त्यानं मला तीस वेळा ऐकवलं होतं आणि तीसही वेळा मी कपाटालाच हसले होते. आता बोलता बोलता मला कळलं, ते खरं होतं. माझ्या कंपाउंडरमध्ये असं एकही माणूस नव्हतं.

मी कागद उलटा केला आणि मागे अंतराळयान पहिलं लिहिलं, एकट्याचं, विभागून नाही. कागद त्याच्यासमोर धरला.

"दादा, तू जिंकलास. मी हरले."

"बरं," तो म्हणाला.